समुद्राकाठच्या गावात रिकामी परत आलेली वाटी

मंडळी, दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाहीये.

बाबा गेल्यावर दादाने आईला पुण्याहून इंग्लंडला स्वतःकडे नेलं. गाव समुद्राकाठचं, श्रीमंतांचं. उंच कुंपणांमागे मोठाले बंगले, आखीव हिरवळ, निवृत्त माणसं आणि त्यांचे कुत्रे. नोकरी करणारे सकाळीच ट्रेनने शहरात जातात, दादा-वहिनीसुद्धा. मग दिवसभर फक्त सीगल ओरडत असतात.

मागच्या आठवड्यात आईने शेजारच्या बाईंना वाटीभर बेसनाचे लाडू दिले होते. आज वाटी परत आली. बेल न वाजवता पायरीवर ठेवलेली, लख्ख घासलेली, आत आभाराचं सुंदर कार्ड.

"चिमूटभर साखर तरी घालायची गं," आई म्हणाली.

"आई, त्यांच्यात तशी पद्धत नसते."

"ते कळतं मला. पण भरलेली वाटी कोणी पायरीवर ठेवून जात नाही. ती हातातच द्यावी लागते. दोन शब्द बोलणं झालं असतं."

मग हळूच म्हणाली, "मी तुझ्याकडे येऊ का राहायला? फ्रँकफर्टला शेजारी बोलतात ना?"

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आजी वारल्या, हे मला खाली क्लिंगेलवरची, म्हणजे मुख्य दारावरच्या बेलवरची, त्यांच्या नावाची पट्टी बदललेली दिसली तेव्हा कळलं. तोवर जिन्यात भेटलो की फक्त 'हालो' म्हणायचो.

"बघू," एवढंच म्हणाले मी. आईने मान हलवली आणि वाटी फडताळात ठेवून दिली.

तुम्ही काय सांगितलं असतं तिला?