दिवेवालीची राहिलेली गोष्ट

धाकटीला तोंडावरून कुणी ओळखत नसे. भाजीच्या दुकानात ती तासभर उभी राहिली तरी कुणी ढुंकून बघायचं नाही. पण तिनं नुसतं “मिरच्या कशा दिल्या?” विचारलं की माना वळायच्या. बँकेच्या फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारी बाई म्हणजे तीच. कार्टूनमधली आगाऊ खारही तीच, आणि गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत कण्हणारी सासूही तीच. सगळा जन्म तिनं दुसऱ्यांच्या तोंडात आपला आवाज घालण्यात काढला. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, “दिवसभर लोक मला सांगतात, आता बोल, आता थांब. घरी आल्यावर आणखी एक माणूस कशाला?”

घरी तिची थोरली बहीण होती, ताई. मोठ्या हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, नवरा गेल्यावर धाकटीकडे राहायला आलेली आणि आल्या दिवसापासून घराचा वॉर्ड करून टाकलेली. दोघी बोलायच्या ते बहुतेक भांडायच्याच. एक स्वयंपाकघरात, एक बाथरूममध्ये, मधे दोन दारं, आणि टॉवेल कुणी ओला ठेवला यावर कोर्टकचेरी. शेजारी म्हणायचे, घड्याळ लावायची गरज नाही, या दोघी सुरू झाल्या की सात वाजले.

आता या बाईच्या आयुष्यात व्हिडिओ गेम कुठून आला म्हणाल, तर कामातूनच आला. एका गेमच्या मराठी अवतारात तिला एक बारकी भूमिका मिळाली होती. भूमिका कसली, उंबरठ्यावरची पाहुणी. नायक अंधाऱ्या राज्यात शिरतो, तिथं पायऱ्यांवर एक म्हातारी बसलेली असते, ती त्याच्या हातात पेटता दिवा देते. नायक विचारतो, तू कोण? ती म्हणते, “माझं पुढच्या खेपेला सांगेन. तू आधी जा.” संपलं. पण ते वाक्य धाकटीनं असं काही म्हटलं की पोरं वेडी झाली. दुसरा भाग आला, म्हातारी पुन्हा पायऱ्यांवर, पुन्हा तेच. तिसऱ्यातही तेच. दिवेवाली कोण, यावर इंटरनेटवर माणसं रात्रंदिवस डोकेफोड करत होती. कुणी म्हणे ती नायकाची आई, कुणी म्हणे राणी. औषधाच्या दुकानातला मुलगा तर धाकटीला खोकल्याचं औषध देताना हळूच विचारायचा, “आजी, मला एकट्याला सांगा ना.” आजीलाच कुठं माहीत होतं?

मग गेमच्या लेखकानं तिला कळवलं, चौथ्या भागात दिवेवालीची गोष्ट येणार. पूर्ण येणार. धाकटी त्या दिवशी घरभर फिरत होती, कामाशिवाय.

आणि नेमका तेव्हाच घसा कुरकुरायला लागला. संध्याकाळ झाली की आवाज चिरकायचा, मधेच तुटायचा. ताईनं दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. स्वरतंतूवर गाठ होती. डॉक्टर म्हणाल्या, “लवकर काढलेली बरी. काढल्यावर आवाज राहील, पण हाच राहील असं सांगत नाही. तोवर हळू बोला, आणि ओरडायचं अजिबात नाही.”

“उद्याचीच तारीख द्या,” ताई म्हणाली.

“माझं रेकॉर्डिंग झालं की,” धाकटी म्हणाली.

रिक्षात दोघी जुंपल्या. ताईचं म्हणणं, गेमातल्या म्हातारीसाठी कुणी गळा पणाला लावतं का? धाकटी म्हणाली, “आयुष्यभर मी सासवा आणि खारी केल्या ताई. एक गोष्ट माझ्या आवाजात राहू दे. मग कापा काय कापायचं ते.” ताईला ते पटलं नव्हतं, पण बहिणीचा चेहरा बघून तिनं रिक्षावाल्याला नुसतं घराचं वळण सांगितलं.

स्टुडिओत एक शिरस्ता असतो. हळू बोलायचं ते आधी घ्यायचं, ओरडायचं ते शेवटी. कारण एकदा ओरडून घसा बसला की त्या दिवशी हळू काही निघत नाही. तेव्हा पहिले दोन दिवस धाकटीनं गोष्ट सांगितली. दिवेवाली कधीकाळी नदीकाठी होड्यांसाठी दिवा लावायची. एका संध्याकाळी तिचा डोळा लागला, दिवा विझला, आणि जी नाव काठ न दिसता खडकावर गेली तिच्यात तिच्या घरचीच माणसं होती. तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिवा देते आणि स्वतः अंधारात बसते. धाकटीनं हे सगळं इतकं हळू सांगितलं की रेकॉर्डिस्टला श्वाससुद्धा जपून घ्यावा लागला. या रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणायचे. पंख्याच्या आवाजावरून त्याचं तेल संपलंय हे सांगणारा माणूस. तो काचेपलीकडे बसून चष्मा पुसत होता. म्हणाला, “मॅडम, तुमचं यापेक्षा चांगलं काम मी ऐकलेलं नाही.”

तिसऱ्या दिवशी फक्त फुटकळ शब्द घ्यायचे राहिले होते. ‘ये’, ‘जा’, ‘सांभाळ’. धाकटी आत गेली आणि दारातच थांबली. माइक मागे सरकवलेला होता.

हळू बोलायचं असलं की माइक ओठांशी असतो. तो हातभर मागे गेला की समजायचं, आज ओरडायचंय. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं कानसेनकडे बघितलं. कानसेन बटणांकडे बघत होता.

हेडफोनमध्ये अनोळखी आवाज आला. नवा दिग्दर्शक. लेखक कुठे आहेत, विचारलं तर म्हणाला, “ते आता या कामावर नाहीत.” मग त्यानं समजावून सांगितलं, अगदी गोड बोलून. दिवेवाली वेडी होते. दिव्यातली आग तिच्यात शिरते. नायक आला की ती त्याच्यावर धावून जाते आणि त्याला तिला मारावं लागतं. लोकांना लढाई हवी असते.

“आणि गोष्ट?” धाकटीनं विचारलं.

“बघू. बसली तर बसवू.”

उठून निघून जावं असं तिच्या मनात आलं. डॉक्टरांचं बोलणंही आठवलं. पण या धंद्यात ती मुरलेली होती. आपण ओरडलो नाही तर हे दुसरीला बोलावतील. एका म्हातारीला दोन आवाज चालत नाहीत, म्हणजे मग गोष्टही त्या दुसरीच्याच आवाजात पुन्हा घेतील. आपले दोन दिवस पुसून टाकतील. गोष्ट वाचवायची तर किंकाळ्या आपणच द्यायला हव्यात. असा हिशोब करून ती माइकसमोर उभी राहिली.

आधी जळताना. मग घाव बसल्यावर. मग मोठा घाव बसल्यावर. मग पायऱ्यांवरून पडताना. “छान, आता थोडं जास्त,” हेडफोनमधला आवाज म्हणायचा. “आता मरताना द्या. लांब.” त्या शेवटच्या किंकाळीत घशात काहीतरी सुटलं आणि तोंडात खारट चव आली. कानसेननं न विचारताच मशीन बंद केलं आणि पाणी घेऊन तो आत धावला.

घरी तिनं ताईला खुणेनंच सांगितलं, गोष्ट सांगता सांगता घसा बसला. खरं सांगायची हिंमत झाली नाही. ताईनं तोंड सोडलं असतं ते तिनं ऐकून घेतलं असतं, पण ताई रडली असती, ते तिच्यानं बघवलं नसतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाल्या, काही दिवस एक शब्द नको, मग बघू. मग बघितलं. आवाजाच्या जागी नुसती हवा उरली होती. कान तोंडाशी नेला तर चार शब्द कळायचे, नाहीतर पाटी आणि खडू.

घर असं शांत झालं की ताईला ते सोसेना. ती टॉवेल मुद्दाम ओला ठेवायची आणि वाट बघायची. एकदा तिनं बँकेला फोन लावला, काम काही नव्हतं, नुसतं ‘कृपया प्रतीक्षा करा’ ऐकायला. तिथं आता यंत्राचा सपाट आवाज बसवलेला. ताईनं फोन ठेवला आणि बराच वेळ कांदे चिरत राहिली.

चौथा भाग बाजारात आला तसं तिनं थेट कानसेनला बोलावलं. म्हणाली, “माझ्या बहिणीची ती गोष्ट मला ऐकायचीय. खेळून ऐकावी लागत असेल तर खेळेन.”

कानसेननं गेमचं एक जुनं मशीन आणून टीव्हीला जोडून दिलं. जाताना चपला घालत पुटपुटला, “जुने भाग खेळा ना तुम्ही. चौथा फार अवघड आहे.”

“मी अपघात विभागात नोकरी केलीय,” ताई म्हणाली. “मला अवघड सांगू नका.”

धाकटी त्याच्याकडे एकटक बघत होती. त्यानं तिच्याकडे एकदाही वर नजर करून बघितलं नाही.

ताईचं खेळणं म्हणजे बघण्यासारखा प्रकार होता. पहिल्याच खड्ड्यात ती इतक्यांदा पडली की नायकाची दया यावी. कंट्रोलरला ती रिमोट म्हणायची, राक्षसाला ‘बाजूला हो रे मेल्या’ म्हणायची, आणि भिंतीवर डोकं आपटणाऱ्या नायकाला ‘चष्मा लाव’. धाकटी शेजारी बसून बिनआवाजाचं हसायची. पण रोज दुपारी ताई थोडी पुढं सरकायची. जंगल पार झालं. पूल पार झाला. पडद्यावरचा उजेड दिवसेंदिवस कमी होत गेला आणि पायऱ्या जवळ येत चालल्या, तसं धाकटीचं हसू आटत गेलं. पायऱ्यांवर काय आहे हे त्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं.

तिनं पाटी कितीदा तरी हातात घेतली. ‘ताई, पुढे जाऊ नकोस’ एवढं लिहिलं की झालं असतं. पण खडू टेकवला की दुसराच विचार यायचा. ठेवली असेल त्यांनी गोष्ट. आधी गोष्ट, मग लढाई, असं केलं असेल. तसं असेल तर ताईला ती ऐकायला मिळायला हवी. आणि ठेवली नसेल तर? पाटी ती पुन्हा खाली ठेवायची.

आणि मग ती दुपार आली. ताईनं नायकाला शेवटच्या चढावरून वर आणला. पायऱ्या दिसल्या. ताई सावरून बसली, पदरानं तोंड पुसलं, जणू कुणाकडे पाहुणी म्हणून गेलीय. “आता बोलेल,” ती म्हणाली.

पायऱ्यांवर कुणी बसलेलं नव्हतं. वरून एक काळी आकृती उतरली, डोळ्यांच्या जागी आग. नायक काही विचारायच्या आत ती किंचाळली.

ताई धाकटीकडे वळली. “हा तुझा आवाज?”

धाकटीनं मान डोलावली.

आकृतीनं नायकाला एका फटक्यात मारलं. गेमनं त्याला पुन्हा पायऱ्यांपाशी आणून उभं केलं. पुन्हा तीच किंकाळी. ताईनं कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. “मी हिला नाही मारणार. थोडं थांबते. बोलेल ती. दोन दिवस बोललीयस ना तू?” नायक मेला. पुन्हा उभा राहिला. पुन्हा किंकाळी. ताई पडद्याकडे डोळे लावून बसली होती आणि त्या खोलीत धाकटीचा आवाज, जो त्या घरात आता कधी ऐकू येणार नव्हता, तो पुन्हा पुन्हा जळत होता.

शेवटी धाकटीनंच तिच्या मांडीवरून कंट्रोलर उचलला. तिनं जन्मात कधी खेळ खेळला नव्हता. ताईच्या कानाशी जाऊन तिनं हवेनं विचारलं, “कोणतं बटण?”

ताईनं बोट दाखवलं.

एकदा दाबून भागलं नाही. ती दाबत राहिली. घाव बसल्याची किंकाळी आली, मग मोठ्या घावाची, मग पायऱ्यांवरून पडतानाची. मग ती शेवटची, लांब. नंतर पडद्यावर अक्षरं उमटली, ‘नवं हत्यार मिळालं: दिवा’. नायकानं तो उचलून पाठीला लावला, दार उघडलं, पुढच्या राज्याचं संगीत सुरू झालं. म्हातारीचं नावही कुणी काढलं नाही.

“गोष्ट कुठंय?” ताईनं विचारलं.

धाकटीनं दोन बोटांची कात्री करून दाखवली.

“आणि हे ओरडलीस कधी?”

धाकटीनं तीन बोटं दाखवली, तिसरा दिवस, आणि हात गळ्याशी नेला. ताई नर्स होती, तिला आणखी सांगावं लागलं नाही. “म्हणजे तुझा गळा गोष्टीत नाही गेला,” ती म्हणाली. “यात गेला.” तिला त्या दिग्दर्शकाचा, त्या कंपनीचा, बहिणीचा आणि स्वतःचा इतका संताप आला की शिवीसुद्धा सुचेना. तिनं उठून टीव्हीचा प्लगच ओढला. मग खुर्ची ओढून धाकटीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“सांग मला. जशी येईल तशी.”

धाकटीनं मान हलवली, नको. ताईनं कान पुढे केला.

मग ती सांगू लागली. नदी, काठ, संध्याकाळ. निम्मे शब्द हवेतच विरत होते. ताईला धड काही कळत नव्हतं, पण प्रत्येक थांब्यावर ती ‘हं’ म्हणत होती. दिवेवालीचा डोळा लागला इथवर धाकटी आली आणि घसा मिटला. ओठ हलत राहिले, त्यातून हवासुद्धा येईना. नाव खडकावर जायची अजून राहिली होती.

धाकटी थांबली. ताईचे डोळे मिटलेले होते, कान तिच्या तोंडाशी होता, आणि ती आणखी बराच वेळ ‘हं’ म्हणत राहिली.