आईच्या कुंडीतली गोकर्ण

बी उगवतं की नाही हे तपासण्यावरच माझं पोट चालतं. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवते आणि कोंब फुटायची वाट बघते. पण मूठभर गोकर्णीच्या बियांनी मला जसा घोर लावला, तसा आजवर कुठल्याच बियाण्यानं लावला नव्हता.

वडील गेल्यापासून आई अंबडजवळच्या गावात एकटीच राहायची. जालन्यात मस्तगडला माझ्या घरी यायची ती दोन दिवसांपुरती. "लेकीच्या घरी ठिय्या देऊन बसू का? लोक काय म्हनतील?" या वाक्यापुढे मी आणि माझे यजमान, दोघंही हात टेकायचो. यंदा मात्र ती पदराच्या गाठीत पांढऱ्या गोकर्णीच्या शेंगा बांधून आली. गावात कुणाचंही अर्धं डोकं दुखलं की तिच्याच वेलाची मुळी न्यायचे, आणि त्याचा तिला भारी तोरा. रस्ता रुंद करताना कुंपण गेलं, त्याबरोबर तो वेलही गेला.

"माझ्या हातचं बी हितं उगवलं तर राहीन बाई. न्हाई तर मी आपली गावाकडं."

बी आम्ही वाटून घेतलं. गोकर्णीचं टरफल मोठं हट्टी, पाणी आत शिरू देत नाही. मी माझं बी पॉलिश पेपरवर घासून ओल्या कागदात गुंडाळलं.

"आजारी हाय का ते, पट्ट्या बांधून राह्यलीस?" म्हणत आईनं तिचं बी तसंच कुंडीत टोचलं.

माझ्या कागदात आठवड्याभरात कोंब फुटले. तिची कुंडी मात्र ढिम्म. एका सकाळी ती म्हणाली, "अंबडच्या गाडीचा टाइम इचारून ठेव." ती देवळात गेली तशी मी माझा एक कोंब उचलला आणि तिच्या कुंडीत नेऊन लावला.

संध्याकाळी ती कुंडीवर वाकून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "उगवलं की गं!" आणि गावाकडून उरलेली लुगडी मागवून घेतली.

वेल गॅलरीच्या जाळीवर चढला, पांढरा फुलला. शेजारणी "किती दिवस मुक्काम?" विचारायच्या. आई म्हणायची, "वेल टाकून कशी जाऊ?" स्वयंपाकघरात ते ऐकताना मला फार बरं वाटायचं.

परवा शेंगा वाळल्या. आईनं त्या सोलल्या आणि सगळं बी माझ्याकडे सरकवलं.

"घे, तूच कागदात घाल. माझ्या कुंडीत काई उगवत न्हाई."

"आन् हा वेल?"

"त्या दिशी कोंबाला तुझा कागद चिकटल्ता की."

"मंग तव्हाच का न्हाई बोललीस?"

"बोलले असते तर जावं लागलं असतं ना."