यादीतलं पहिलं गाणं

माझा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर समोर दुसऱ्यांचे दात आणि कानात दुसऱ्यांची गाणी. तीही इंडी. म्हणजे ज्यांच्यामागे कंपनी नाही, जाहिरात नाही, कोणी स्वयंपाकघरात तर कोणी गॅरेजमध्ये रेकॉर्ड करून इंटरनेटवर सोडलेली. वर्ष संपताना हा गृहस्थ त्यातली वीस आवडती गाणी निवडून यादी टाकतो, आणि चार-पाच हजार माणसं वाट बघून ती वाचतात. मित्र त्याला कानसेन म्हणतात. मीही म्हणायचे, कौतुकाने. आता दातओठ खाऊन म्हणते.

त्याचा एक नियम आहे. ओळखीच्या माणसाचं गाणं घ्यायचं नाही. मागे एकदा एका मित्राचं घेतलं, तर लोकांनी वशिलेबाज म्हटलं. ते त्याला अजून झोंबतं.

माझी नणंद बसपासच्या खिडकीवर बसते. लहानपणापासून गाते. दादाने एकदा तिला सांगितलं, "आवाज बरा आहे तुझा." त्या 'बरा'ने पोरीची दहा वर्षं खाल्ली. यंदा तिने हिय्या करून गाणं केलं. आमच्याच घरी, तो कामावर असताना, कपड्यांच्या कपाटात बसून, कारण लोकरी कपड्यांत आवाज घुमत नाही. बाहेरून दार धरायला मी. मग खोट्या नावाने इंटरनेटवर सोडलं.

"वहिनी, दादाला सांगू नका हं. त्याला नुसतं ऐकू दे."

त्याने ऐकलं. तीन महिने ऐकलं. जेवताना घास हातातच राहायचा. "ही बाई कोण असेल गं? हिला कोणीतरी फार दुखावलंय." मी पाणी प्यायले, दुसरं काय करणार? सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखू येत नाही, आणि म्हणे कानसेन!

रविवारी दुपारी यादी लागली. पहिला नंबर तिचा. त्या यादीतल्या पहिल्या पाच जणांना गावातला एक छोटा हॉल दरवर्षी गायला बोलावतो. तिलाही निरोप आला, तिने लगेच रजा टाकली. आणि आनंदाच्या भरात एक चूक केली. दादाला फोन केला.

"दादा, ती मी आहे रे."

मला वाटलं, हा आता रडेल तरी. हा "अस्सं" म्हणाला, फोन ठेवला, लॅपटॉप उघडला आणि तिचं गाणं खोडलं. खाली लिहिलं, 'गायिका माझी बहीण निघाली, म्हणून हे गाणं काढत आहे.' संध्याकाळपर्यंत लोकांनी याला प्रामाणिक ठरवलं आणि तिला लबाड. हॉलवाल्यांनी बोलावणं मागे घेतलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, परकीचं म्हणून सोनं आणि घरचीचं कळलं की माती?"

"नियम म्हणजे नियम."

"नियम कसला, भीती आहे ती! चार टवाळ काय म्हणतील याची!"

त्याने कानात हेडफोन घातले. भांडणात कान बंद करणारा माणूस मला अजिबात सहन होत नाही. मी त्या दिवशी भांडी घासली नाहीत, आपटली.

नणंदेने मात्र रजा रद्द केली, आणि गाणं सगळीकडून पुसून टाकलं.

चौथ्या दिवशी हा कामावरून लवकर आला. बूटही न काढता दारात उभा.

"ते गाणं कुठेच मिळत नाहीये. तुझ्याकडे असेल ना?"

"आहे."

"दे ना."

"नाही देणार. तिच्याकडे मागा."

"कोणत्या तोंडाने मागू? ओळख तरी दाखवेल का ती?"

मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू? पण राग दयेपेक्षा मोठा होता. मी त्याला तसाच मागे वळवला.

"सगळ्या जगासमोर बहीण आहे म्हणून खोडलीत ना तिला? मग बहीणच आहे ती. जा."