काचेतली कानकाठी

अख्ख्या डोंबिवलीत जमिनीखालचं बोलणं ऐकू येणारा एकच माणूस होता आणि तो आमचा साहेब होता, हे मी आजवर लग्नामुंजीत, कट्ट्यावर, दवाखान्याच्या बाकावर, जिथे कोणी ऐकून घेईल तिथे सांगत आलो. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मात्र टाळत आलो. बोलणं त्या दिशेला वळलं, की मी घाईघाईने चहा मागवायचो. आता शहात्तर पूर्ण झाली आणि डॉक्टरांनी चहाही बंद केलाय.

साहेब पाणीखात्यात इंजिनिअर, मी त्यांच्या हाताखाली ओव्हरसिअर. पाइप कुठे फुटलाय ते शोधायला त्यांच्याकडे छातीएवढी सागवानी काठी होती. खालचं टोक लोखंडी, वरचं वाटीसारखं खोलगट. टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. खात्यात तिला कानकाठी म्हणत. पाणी सुटलं की साहेब रस्त्यावर उतरत, आणि त्या वेळी कोणी शिंकलं तरी त्यांना तो सरकारी कामातला अडथळा वाटे. एकदा एका घरी थेट स्वयंपाकघरात शिरून म्हणाले, "वहिनी, मिक्सर बंद करा. तुमच्या ओट्याखाली कोणीतरी कुजबुजतंय." त्या बाई चटणी तशीच टाकून देवापुढे जाऊन बसल्या. ओटा फोडला तर खाली पाइपला खरंच केसाएवढी चीर. माझ्या मुलीच्या लग्नात, माजिवड्याच्या हॉलमध्ये, मंगलाष्टकं चालू असताना साहेब मुठीत अक्षता धरून भिंतीला कान लावून उभे. व्याह्यांनी मला विचारलं, "हे तुमच्याकडचे का हो?" मी म्हणालो, "छे!" अक्षता पडल्यावर साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वरच्या मजल्यावर नळ गळतोय, हॉलवाल्याला सांग. आणि मुलगी छान दिसते हो." चिडले तरी ते शिवी देत नसत. माणसाला पाइप समजून बोलत. "तुला आतून गंज चढलाय," हे माझ्या वाट्याला आठवड्यातून दोनदा तरी यायचं.

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या संग्रहालयात साहेबांचा कोपरा उघडला. काचेत कानकाठी, त्यांचा जाड काड्यांचा चष्मा, हाताने काढलेले नळांचे नकाशे. बघून ऊर भरून आला. मग खालची पाटी वाचली: 'साहेबांचा कान आयुष्यात एकदाच चुकला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भर बाजारात त्यांनी कंबरभर खड्डा खणवला, गळती मात्र निघाली वीस पावलांवर!' शाळेची मुलं ती वाचून हसत होती. मीही हसलो, इतक्या वर्षांच्या सवयीने.

कान चुकला नव्हता. पाडव्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी ती जागा ऐकून दाखवली आणि मी तिथे चुन्याची फुली मारली. फुली मारली की जवळच्या दोन भिंतींपासून तिचं अंतर टेपने मोजून वहीत लिहायचं, हा साहेबांचा कडक नियम. मला श्रीखंडासाठी चक्का घेऊन घर गाठायचं होतं. मी टेप पिशवीतून काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी शोभायात्रेसाठी बायकांनी रस्ताभर रांगोळ्या घातल्या, त्यांवरून ढोलपथकं गेली, संध्याकाळी रस्ता धुतला गेला. सकाळी खणायला गेलो तर फुली नाही. साहेबांना सांगितलं असतं तर ते काठी घेऊन पुन्हा आले असते, फार तर माझा गंज काढला असता. मी अंदाजाने शिंप्याच्या दुकानासमोर नवी फुली मारली.

खड्डा कंबरेएवढा झाला तेव्हा साहेब आले. आमचा मुकादम, सोनारपाड्याचा जुना आगरी, आतून वर बघत म्हणाला, "सायेब, हितं त पानी नाय." बाजार गोळा झाला होता. "साहेब, कान साफ करून या!" कोणीतरी ओरडलं. तेवढ्यात वरचे अधिकारीही येऊन पोचले. साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं, शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वही माझ्या काखेत होती. त्यांनी ती मागितली नाही. "माझाच कान चुकला," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. मी वही आणखी घट्ट धरली.

पुढे खात्यात गळती शोधायचं मशीन आलं, आणि ते माझ्या हाती दिलं गेलं. साहेब निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं नळजोडणीच्या अर्जांवर सह्या करत बसले. बाजारातून जाताना लोक विचारत, "काय साहेब, कान कसा आहे?" ते म्हणत, "आहे, जागेवर आहे."

संग्रहालय सांभाळणाऱ्या मुलीला मी पाटी बदलायला सांगितली. ती म्हणाली, "काका, हे तर सगळ्या गावाला माहितीये. चूक असेल तर खरं काय ते लिहून द्या ना, मी तेच लावते." म्हणून हा कागद. यातलं तिला हवं तेवढं घ्यावं, पण फुली कोणाची, ते गाळू नये.

निवृत्तीनंतर साहेब टिटवाळ्याला राहायला गेले. दर पाडव्याला मी त्यांच्याकडे जायचो, वाटेत एकच वाक्य घोकत, आणि ते तसंच परत आणायचो. ते गेले त्याच्या आधीच्या पाडव्याला त्यांनीच विचारलं, "बोल ना रे. घशात काहीतरी अडकलंय तुझ्या." मी म्हणालो, "साहेब, तुमच्या मोरीतला पाइप गळतोय वाटतं." ऐंशीच्या पुढचा तो चेहरा असा काही उजळला! भिंतीचा आधार घेत ते मोरीपर्यंत गेले, भिंतीला कान लावला आणि डोळे मिटले. मी मागे उभा होतो. त्यांची पाठ होती म्हणून असेल, मला धीर आला.

"साहेब, ती फुली..."

"शू," ते डोळे न उघडता म्हणाले, "जरा गप्प राहा. ऐकू दे मला."