थांबणारी गाडी

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं की कुणीतरी गेलं. ते नाव यशवंताचं असेल असं मात्र मनातही आलं नाही. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं सगळं... तो राहुरीत, मी बदली होऊन काष्टीच्या शाळेत. पत्र हाती पडलं तेव्हा त्याला जाऊन चार दिवस झाले होते.

यशवंता रेडिओ दुरुस्त करायचा. पेठेतलं त्याचं दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मला स्टूल उचलून बाहेर यावं लागे. शाळा सुटली की मी, विज्ञानाचा मास्तर, तिथे जाऊन बसायचो. चहा त्याचा, अक्कल माझी. एकदा त्याच्या डोक्यात आलं की तारेशिवाय, रेडिओच्या लहरींवर चालणारी गाडी करायची. पत्र्याची गाडी, आत बॅटरी नि छोटी मोटर, आपल्या हातात एक डबा आणि त्याला दांडी. दांडी पुढे ढकलली की गाडी पुढे, मागे ओढली की मागे, मधल्या खुणेवर आणली की जागच्या जागी उभी. वर्षभराने गाडी पळाली तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो. त्याला त्याचं काही नाही. गाडी विटेवर ठेवायची, चाकं अधांतरी सोडायची, दांडी मधे आणायची. चाक जरा जरी फिरलं तर आतला स्क्रू केसभर पिळायचा आणि पुन्हा बघायचं. असे महिने गेले.

"अरे, पळतेय ना? मग झालं की!" मी वैतागायचो.

"मास्तर, पळंल कुनाचीबी. उभी ऱ्हा म्हनल्यावर उभी ऱ्हायली, तर ती माजी."

शाळेच्या प्रदर्शनात गाडी दाखवायची ठरली. हॉल खच्चून भरला होता. मला गाडी संथ वाटत होती. लोकांनी तोंडात बोटं घालावीत ही हौस माझीच. यशवंता हात धुवायला गेला तेवढ्यात मी तो स्क्रू अर्धा फेरा पिळला. वेग थोडा वाढेल, एवढंच डोक्यात होतं. गाडी स्टेजवरून सुसाट निघाली, टाळ्या पडल्या. यशवंताने दांडी मधे आणली. गाडी थांबेना. दांडी मागे ओढायची सोडून तो ती मधल्या खुणेवरच घट्ट धरून उभा राहिला, इतका त्याचा त्या खुणेवर विश्वास होता. गाडी स्टेजच्या कडेवरून खाली गेली आणि तिचे तुकडे झाले. मागे कुणीतरी खो-खो हसलं. यशवंता माइकजवळ आला.

"गाडीची चूक न्हाई. माप माजं चुकलं."

मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. जमिनीकडे बघत राहिलो. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता बदलीचा हुकूम आला आणि मला, लाज वाटते लिहायला, सुटल्यासारखं झालं.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन आलो. शांतावहिनींनी पाणी दिलं, मग आपणहून बोलू लागल्या.

"त्या दिसापासनं नवीन काय केलंच न्हाई ह्यांनी. सकाळी दुकान उघडलं की हात असा म्होरं धरायचे. 'शांते, कापतोय का गं?' मी म्हनायची, न्हाई वो. पर त्यांना पटलं न्हाई कदी. तीन वर्सं झाली."

माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. वहिनी पदराची गाठ सोडत, बांधत ऐकत होत्या.

"मला सांगून काय व्हनार, मास्तर? त्या दिशी हॉलभर मानसं हुती. त्यांना सांगा."

ती माणसं आता कुठे शोधू... त्यांतली काही तरी हे पान वाचत असतील. त्यांना सांगतो. स्क्रू मी पिळला होता. यशवंताचं माप बरोबर होतं.