खोकं फोडायचं नाही

"खोकं फोडायचं न्हाई. आन् का, म्हणून इचारायचं न्हाई."

आमच्या ग्रुपमध्ये गेल्या गेल्या मला सांगितलेला हा पहिला नियम. सांगणारे आप्पा. निवृत्त सुभेदार, कराडजवळ ऊस आणि घरात काचेचं कपाट भरून सुपरहिरोंच्या गाड्या. सिनेमातल्या आणि टीव्हीवरच्या सुपरहिरोंच्या, तळहाताएवढ्या, ओतीव धातूच्या. त्यातली लिमिटेड एडिशन येते ती पुठ्ठ्याच्या बंद खोक्यातून. वर गाडीचं चित्र, प्रत्येक खोक्याचा वेगळा नंबर आणि सील. आतलं काहीच दिसत नाही. सील तुटलं की किंमत गेली, म्हणून आमच्या ज्येष्ठांनी आपल्याच गाड्या कधी बघितलेल्या नाहीत.

मी तरी विचारलंच, का? आप्पा म्हणाले, लष्करात हुकमाला 'का' नसतं. मी म्हटलं, मी बी.एस्सी. आहे, लष्करात नाही. तेव्हापासून ग्रुपमध्ये माझं नाव 'ती माणची आगाऊ पोरगी'.

असला नियम असला की किस्से आपोआप साचतात. कपाटावर धूळ साचते तसे. धूळ निदान आप्पा दर रविवारी दाढीच्या ब्रशने झाडतात.

*

सातारा आणि सांगली दोन्हीकडच्यांना मध्ये पडतं म्हणून बैठक आप्पांच्या घरी. आप्पांची बायको, माई, चहा आणते आणि काही न बोलता जाते. एकदा तिचा गुडघा सुजला होता. आप्पा नव्या माणसाला कपाट दाखवत होते, ही अमक्या सिनेमातली, ही तमक्या मालिकेतली, ही उडते, ही पाण्याखाली चालते.

माई ट्रे ठेवून म्हणाली, "एवढ्या गाड्या हायेत घरात. पर दवाखान्यात जायचं म्हटलं की मला रिक्षाच बघावी लागती."

नव्या माणसाने चहा खाली ठेवला. आप्पांनी ब्रश उचलला.

*

सांगलीचे काका हार्डवेअरवाले. माणूस व्यवहारी, पण खोक्यापुढे त्यांचंही डोकं चालत नाही. त्यांनी एकच गाडी दोन ठिकाणांहून मागवली. दोन्ही खोक्यांवर नंबर तोच! म्हणजे एक डुप्लिकेट. कुठली ते आत बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि आत बघायचं नाही.

काका दोन्ही खोकी घेऊन सराफाकडे गेले. सोन्याच्या काट्यावर वजन केलं. एका गुंजेचाही फरक नाही. सराफाने विचारलं, आत आहे काय? काका म्हणाले, गाडी. सराफ म्हणाला, मग उघडून बघा की. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं, की बिचाऱ्याने माफी मागितली.

आज दोन्ही खोकी काकांच्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. खाली चिठ्ठी आहे: 'यातली एक खरी आहे.'

*

वडूजचे सर, निवृत्त मास्तर. वडूज दुष्काळी, पाऊस कधी पडेल हे आभाळालाच ठाऊक. ग्रुपची सहल महाबळेश्वरला निघाली, ती नेमकी भर श्रावणात. सरांनी फोटोसाठी आपलं सगळ्यात जपलेलं खोकं बरोबर घेतलं होतं. पॉइंटवर पावसाने गाठलं तसा सरांनी अंगातला रेनकोट काढला आणि खोक्याला घातला. वर बटणंसुद्धा लावली.

तिसऱ्या दिवशी सर दवाखान्यात. आप्पांनी फोन करून पहिला प्रश्न विचारला, "खोक्याचं कोपरं कसं हायेत?"

सर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "कोपरे शाबूत आहेत. मला सलाईन लावलंय."

आप्पा म्हणाले, देवाची कृपा. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

*

त्याच सहलीत, पाऊस थांबायची वाट बघत मी एका चिक्कीच्या दुकानात उभी होते. जेलीच्या बाटल्यांमागे एक खोकं दिसलं. जांभळं, उन्हाने एका बाजूला फिकटलेलं. टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतल्या सुपरहिरो बाईची गाडी. शाळेत असताना ती मालिका बघायला मी माण तालुक्यातल्या आमच्या दहिवडीहून शेजारच्या गावात मावशीकडे चालत जायची, आमच्याकडे टीव्ही नव्हता म्हणून. मी खोकं उचललं ते खालीच ठेवलं नाही.

बसमध्ये सगळे हसले. काका म्हणाले, बाईची गाडी कोण घेतं गं? आप्पा म्हणाले, रिव्हर्स घेताना ठोकंल.

महिन्याभराने सरांनीच शोधून काढलं. ती गाडी फार थोडी निघाली होती, कारण तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते. बाईची गाडी कोण घेतं! आता अख्ख्या ग्रुपमध्ये तिच्या तोडीचं एकही खोकं नव्हतं. पुढच्या बैठकीत आप्पांनी मला पहिल्यांदा खुर्ची दिली.

*

सांगलीला प्रदर्शन ठरलं. मधल्या टेबलावर माझी गाडी. मी एकच अट घातली होती, खाली माझं नाव पाहिजे. आप्पा म्हणाले होते, व्हय व्हय, काळजी करू नगंस.

सकाळी हॉलवर पोचले. जांभळं खोकं मखमलीवर, वर दिवा. खाली लेबल: 'संग्राहक: सुभेदार आप्पा.'

मी विचारलं, हे काय? काकांनी शांतपणे समजावलं, "अगं, उद्या लग्न झालं की तुझं आडनाव बदलणार. लेबल किती वेळा छापायचं?" सर म्हणाले, मोठ्यांच्या नावाला वजन असतं. मी म्हटलं, सराफाच्या काट्यावर करून आणलं का? सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आप्पा जवळ आले. आवाज मऊ. "पोरी, प्रदर्शन झालं की ही गाडी माझ्या कपाटातच ऱ्हाऊ दे. सासरी खोकं कोन सांभाळतंय? गप ऐक. मोठ्यांनी ठरवलंय."

उद्घाटनाची कात्री तबकात होती. फीत अजून कापायची होती. मी कात्री उचलली आणि सील कापलं.

काकांच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली. मी गाडी काढली. चित्रातल्यापेक्षा गडद जांभळी होती, आणि दार उघडत होतं. इतकं बारीक दार, आणि ते खरंच उघडत होतं! मी ती टेबलावर ठेवली आणि मागून एक बोट लावलं. टेबलाच्या त्या टोकाला आप्पांबरोबर आलेली माई उभी होती. गाडी थेट तिच्या हातात गेली. तिने दार एकदा उघडलं, एकदा लावलं आणि गाडी मला परत दिली.

मी गाडी पर्समध्ये टाकली. रिकामं खोकं नीट बंद केलं, मखमलीवर होतं तसं ठेवलं, चारी कोपरे सरळ केले.

"आवं आप्पा, हे राहू द्या. ह्याच्यावर तुमचंच नाव आहे."

आप्पांनी खिशातून ब्रश काढला आणि तसाच हातात धरून उभे राहिले.