मचूळ पाण्यातली तपासणी

पाटीवर ‘टेक्नॉलॉजी’ असा भारदस्त शब्द असला तरी आमची कंपनी म्हणजे पेणमधला एक लांबट गाळा आणि त्यात आम्ही डझनभर माणसं. टाकीत पाणी किंवा रसायन किती आहे हे सांगणारी उपकरणं आम्ही बनवतो. मालकीण माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान. भातशेतीवाल्या घरातली मुलगी, शिकून इंजिनियर झाली. मी तिला मॅडम म्हणते, ती मला ताई म्हणते, आणि जेवायला सगळे एकाच टेबलावर बसतो.

गेलं वर्ष मंदीचं गेलं. रोह्याच्या कारखान्यांनी नवी कामं थांबवली आणि आमच्या मोठ्या ऑर्डरी आटल्या. माझ्या नवऱ्याचं डोलवीच्या कारखान्यातलं कंत्राटी कामही सुटलं होतं, घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललेलं. मॅडमने मात्र कुणाला काढलं नाही. तिने घरगुती वापरासाठी एक छोटा डबा तयार केला. गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद. तो तपासायचं काम माझ्याकडे होतं. डब्याच्या दोन सळया बादलीतल्या पाण्यात बुडवायच्या, पंप चालू असल्याचा दिवा विझला की ‘पास’ची चिठ्ठी लावून सही करायची. एकही डबा नापास झाला नाही. मी तर चांगलीच मिरवत होते.

रोह्यात डबे बसले आणि टाक्या ओसंडायला लागल्या. फोनवर फोन. मी कुणाचं ऐकून घेतेय थोडीच! “तुमच्या इलेक्ट्रिशियनने वायरी चुकवल्या असतील,” असं प्रत्येकाला ठणकावून सांगितलं. शेवटी मॅडम मला घेऊनच रोह्याला गेली. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला दारातच झाडलं.

“काय गो, जिन्यातून पाणी वाहतंय नि तुमचा पंप काय थांबत नाय! ह्याला मशीन म्हनायचं?”

मी उत्तर देणार तेवढ्यात मॅडम म्हणाली, “आजी, टाकीतलं पाणी पातेल्यात द्याल थोडं? आणि चिमूटभर मीठ.”

तिने सोबत आणलेल्या डब्याच्या सळया पातेल्यात बुडवल्या. दिवा जळतच राहिला. मग मीठ टाकून ढवळलं, आणि दिवा विझला.

“ताई, आपण बादली बोअरिंगच्या पाण्याने भरतो ना?” तिने विचारलं.

पेणला खाडी जवळ असल्यामुळे आमच्या बोअरिंगचं पाणी मचूळ, जरा खारट. जन्म त्याच पाण्याच्या आसपास गेलेला, त्यामुळे ते वेगळं आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. खारट पाण्यातून वीज चटकन जाते. रोह्याच्या गोड्या पाण्यात सळया बुडाल्या तरी डब्याला पत्ताच लागत नव्हता. परतताना वडखळ येईपर्यंत मी घरखर्चाची आकडेमोड करत होते. नोकरी गेली, असंच धरून चालले होते.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम एकेका गिऱ्हाइकाला फोन करायला लागली. तक्रार न केलेल्यांनासुद्धा! चूक माझी आणि कुरकुरही माझीच मोठी. “जे गप्प आहेत त्यांना कशाला जागं करायचं?” मी म्हटलं. “त्यांची टाकी अजून काठोकाठ भरली नसेल, ताई,” ती म्हणाली आणि पुढचा नंबर लावला. गोड्या पाण्यातही चालणारे डबे तिने सगळ्यांना बदलून दिले. असं धाडस माझ्याच्याने झालं नसतं, हे कबूल करायला मला आजही जड जातं.

मार्चअखेर मुंबईहून कंपनीत पैसे घातलेले तिचे एक भागीदार आले. मॅडमने सगळ्यांसमोर वर्षाचा हिशेब मांडला. विक्री घटली, डबे बदलण्यात पैसे गेले, पगारवाढ नाही, पण माणसं सगळी टिकली. पुढचं वर्षही सोपं नाही, तरी रोह्यातल्या त्याच इमारतींनी शेजारच्या सोसायट्यांना आमचं नाव सांगितलंय आणि तिथून मागणी येते आहे.

ऐकून झाल्यावर भागीदारांनी विचारलं. “ते डबे तपासले कुणी होते?”

मॅडम म्हणाली, “कुठल्या पाण्यात तपासायचं हे मी ठरवून द्यायला हवं होतं. चूक माझी.”

मला गप्प बसता आलं असतं. पण बसवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, “सही माझी होती, साहेब.”

त्यांनी मला नीट बघून घेतलं. मग मॅडमला विचारलं, “आता पुढच्या वर्षी तपासणार कोण?”

“ह्याच,” ती म्हणाली. “गोड्या पाण्याची धास्ती ह्यांच्याइतकी आता दुसऱ्या कुणाला असणार?”

सगळे हसले. मी मात्र एवढ्या माणसांत ढसाढसा रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.